काळ्या मातीतले खोटे सुरुंग

मी सगळी नोकरी भूसुरुंग शोधण्यात घालवली आणि त्यातला एकही खरा नव्हता. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत आमच्या कॉलनीत हळदीकुंकवाला मी हे एकदा बोलून बसले, तर समोरच्या घरच्या बाई म्हणाल्या, "अवो बाप्पा, मंग पगार कायचा घेत होत्या तुमी?" सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर मात्र ताट तसंच झाकून ठेवलं.

आता या दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हणून पिच्छा पुरवला आहे. लिहिते. पण चकली-चिवड्यासोबत वाचायला काही हलकंफुलकं हवं असेल तर पान उलटा, आधीच सांगून ठेवते. मला गोड लिहिता येत नाही आणि या कामात गोड काही उरलंही नाही.

वर्ध्याहून स्कूटीनं अर्ध्या तासावर आमचं चाचणी केंद्र होतं. नाव लिहीत नाही. आता ते बंद आहे. तारेचं कुंपण, पत्र्याच्या शेड आणि मागच्या बाजूला लांबच लांब पट्ट्या आखलेलं काळंभोर शेत. त्या पट्ट्यांमध्ये सुरुंगाच्या आकाराचे, आत दारू नसलेले प्लॅस्टिकचे नग पुरायचे आणि वरून यंत्र फिरवून ते सापडतात का ते बघायचं. आम्ही त्या नगांना डबे म्हणायचो. आपणच पुरायचं आणि आपणच शोधायचं, असा लहान मुलांच्या खेळासारखा आमचा धंदा. फक्त खेळाचा निकाल सीमेवरच्या माणसाच्या पायावर लागायचा.

लोकांना वाटतं सुरुंग म्हणजे लोखंडाचा गोळा, आणि तो शोधायचं यंत्र म्हणजे देवळाच्या दारात पोलीस फिरवतात तसली कुँई कुँई करणारी काठी. जुन्या सुरुंगांना ती काठी पुरायची. नंतर सुरुंग प्लॅस्टिकचे झाले. आत धातू म्हणाल तर साडीच्या पिनेएवढा. काठीला तो कळत नाही, आणि संवेदनशीलता वाढवली तर ती प्रत्येक खिळ्याला ओरडत सुटते. म्हणून रडार. आमचं यंत्र दोन चाकांचं, ढकलत न्यायचं. ते जमिनीत रेडिओ लहरी सोडतं. खाली माती एकसारखी असली तर विशेष काही परत येत नाही. मध्येच दगड, डबा, पोकळी असं काही निराळं लागलं की लहर तिथून माघारी फिरते आणि पडद्यावर एक कमान उमटते, दोन्ही टोकं खाली झुकलेली. या कमानीला आम्ही मिशी म्हणायचो. "मिशी आली का?" "आली, पण बारीक आहे." नवा माणूस ऐकून माझ्याच तोंडाकडे बघायचा.

मिशी सगळ्यांनाच असते ही खरी पंचाईत. बाभळीच्या मुळाला असते, घुशीच्या बिळाला असते, मागच्या साली पुरून विसरलेल्या पाण्याच्या पाइपालाही असते. त्यातली डब्याची कोणती हे ओळखायचं, हे माझं काम. मला ते येत होतं. उगाच विनय दाखवत नाही. पडद्यावर नजर टाकली की मूळ कोणतं आणि डबा कोणता हे मी सांगायची, आणि सहसा चुकत नसे. नवीन इंजिनियर पोरं यायची, सॉफ्टवेअर लावायची, आणि मग हळूच विचारायची, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?" तेव्हा बरं वाटायचं. वाटलं तर वाटलं, त्यात काय लाजायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. वर्ध्याचे एक कापडवाले शेठजी हार आणि नारळ घेऊन थेट गेटवर आले. आजोबांनी वाडीत काहीतरी पुरून ठेवलंय असं त्यांच्या आईनं मरताना सांगितलं होतं म्हणे. "म्याडमजी, बस एक चक्कर. मशीन को भी पुण्य लगेगा."

मी म्हटलं, "शेठजी, हे यंत्र सोनं अन् घुशीचं बीळ सारखंच दाखवतं."

शेठजींनी क्षणभर विचार केला. "तो फिर घूस का बिल छोडके बाकी बता दो ना."

सरकारी यंत्र बाहेर जात नाही हे त्यांना पटवेपर्यंत दुपार गेली. नारळ त्यांनी परत नेला नाही, यंत्रापुढेच फोडला. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे रोही, नीलगायी. रानातल्या या घोड्याएवढ्या जनावरांना आमच्या पट्ट्यांवरच यायला आवडायचं. निशाणाच्या झेंड्या तोंडात धरून ओढायचे आणि आम्ही सकाळी येऊन कपाळावर हात मारायचो.

हे सगळं वर्ध्यातच कशासाठी? मातीसाठी. कोरड्या वाळूत कोणतंही रडार आरपार बघतं. आमची काळी कपाशीची माती ओली झाली की लहर गिळून टाकते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि प्रत्येक भेग पडद्यावर स्वतःची रेघ काढते. रडारचा याहून मोठा वैरी शोधून सापडणार नाही. म्हणून वरच्या लोकांनी ठरवलं होतं, वर्ध्याच्या मातीत जे पास होईल ते कुठंही पास. हे वाक्य मी इतक्या मीटिंगांमध्ये ऐकलं की पुढं मीच ते पाहुण्यांना ऐकवायला लागले.

हवालदार राऊत आमच्याकडे आला तो या वाक्यावर विश्वास ठेवूनच. सैन्यातली जी तुकडी सुरुंग काढते, तिच्यातला तो. मूळ गाव आष्टीकडचं, संत्र्याच्या पट्ट्यातलं. यंत्र वापरणाऱ्या माणसानंच ते तपासावं असा नियम असतो, म्हणून त्याला काही महिने आमच्याकडे पाठवलं होतं. काळासावळा, ठेंगणा, बोलण्यात अघळपघळ. पहिल्याच दिवशी त्यानं पिशवीतून एक सळई काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"हे आपलं मशीन, ताई."

मग त्यानं शेडच्या फरशीवर चक्क पालथं पडून दाखवलं. सळई तिरपी धरायची, बोटबोटभर अंतरावर जमिनीत हलकेच टोचायची. सुरुंगाच्या बाजूला सळई अडली की थांबायचं आणि हातानं माती सारायची. सुरुंग दाबला जातो तो वरून. बाजूनं टोचलं तर उडत नाही. "पण पोटावर पडलं का आपलं तोंड त्याच्या पुढ्यातच असते, पाहा," तो खालूनच म्हणाला. "दिवसभरात एका खोलीएवढी जागा होते साफ. अन् शेत असते पाच एकराचं. मले रांगणं बंद करायचं हाये, ताई. बाकी मले तुमच्या मशीनमधलं काई समजत नाई."

समजत नाही म्हणणारा हा माणूस महिन्याभरात माझ्यानंतरचा सर्वांत चांगला मिशी ओळखणारा झाला. आम्ही पैज लावायचो. तो हरला की मला आलुबोंडे, मी हरले की त्याला. एका रविवारी बायकोला घेऊन आला. मीना नाव तिचं. तिनं यंत्राभोवती एक चक्कर मारली, हँडलला हात लावून पाहिला आणि नवऱ्याला नाही, मला विचारलं, "हे मशीन असलं तं ह्यायले पोटावर रांगावं नाई लागणार ना, ताई?"

"पास झालं तर नाही," मी म्हटलं.

"मंग करा ना पास," ती म्हणाली, जणू मी परीक्षेचे पेपर तपासत होते.

आता परीक्षेबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिथंच बिघडलं. अंतिम चाचणीत यंत्र चालवणाऱ्याला डबे कुठं आहेत हे कळता कामा नये. कळलं तर मन नको तिथं मिशी बघतं. म्हणून डबे पुरायच्या वेळी आम्हा यंत्रवाल्यांना पट्ट्यांकडे फिरकायचीही बंदी असायची. मी, राऊत आणि आमचे डॉक्टर साहेब, म्हणजे पीएच.डी.वाले, प्रकल्पाचे प्रमुख, तिघंही शेडच्या या बाजूला. तिकडे एक वेगळा अधिकारी आणि मजूर. अधिकाऱ्याचं काम दोनच गोष्टी बघायचं: डबा नकाशातल्या जागी आहे का आणि डब्याच्या माथ्यावर ठरलेली माती आहे का. टेप लावून तो हे अगदी चोख बघायचा. मजुरांचे मुकादम होते बापूराव, पवनारच्या पलीकडचे. जन्मभर विहिरी बांधल्या, तारेचे खांब रोवले, घरांचे पाये भरले. हात असा बसलेला की त्यांनी रोवलेला खांब हत्तीनं ढकलला तरी हलू नये. खोटं काम त्यांना सहन व्हायचं नाही. पोरांवर खेकसायचे, "घाई कायची हाये बे? आपलंच घर बांधून राह्यलो समज."

भर पावसाळ्यात, सर्वांत वाईट ओलीत, चाचणी झाली. राऊतनं यंत्र ढकललं आणि मी पडद्यापुढं बसले. मला आतून धाकधूक होती, कारण साध्या सरावात ओल्या मातीत आमचं यंत्र कधी बघायचं, कधी आंधळं व्हायचं. त्या दिवशी मात्र मिशी आली. जाड, काळी, कोणालाही ओळखू यावी अशी. मग दुसरी. मग तिसरी. राऊत मागं वळून ओरडला, "ताई, आज तं पैलवानाच्या मिशा येऊन राह्यल्या!" संध्याकाळी नकाशा उघडला, आणि आम्ही जवळजवळ सगळे डबे पकडले होते. डॉक्टर साहेब पुण्याचे, मोजकं बोलणारे. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बाई, आता कोणी विचारलं नोकरीत काय केलंत, तर हे सांगा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटतं माझ्याही होतं.

यंत्र पास झालं. वाळूतल्या चाचण्या वेगळ्या करायच्या होत्या, त्या रद्द झाल्या. वर्ध्यात पास झालंय, आता वाळूत काय बघायचं? पहिलं यंत्र राऊतच्या तुकडीला मिळालं आणि राऊत त्याच्यासोबत सीमेवर गेला. शेतकऱ्यांच्या शेतांतून आपल्याच सैन्यानं कधीकाळी पेरलेले सुरुंग काढायचे होते, पेरण्यांच्या आत. जाताना बसच्या खिडकीतून म्हणाला, "आता उभ्यानं चालून काढतो, ताई. पाहजा तुमी."

पाऊस ओसरल्यावर डबे उकरून काढायचे असतात. चाचणी संपलेली, बंदी उठलेली, म्हणून मी सहज त्या बाजूला गेले. थर्मासमधून चहा घेऊन गेले होते बापूरावांच्या माणसांसाठी. पहिला खड्डा उघडला होता. वरून काळी माती, मध्ये डबा, आणि डब्याच्या खाली तांबडं काहीतरी. मी वाकून हातात घेतलं. मुरूम होता. टोपलंभर, चांगला दाबून बसवलेला, डब्याच्या चौफेर.

"बापूराव, हा मुरूम कुठून आला?"

"म्याच टाकला, बाई." त्यांच्या आवाजात शाबासकीची वाट होती. "शेडमागं रस्त्याचा उरला होता ना ढीग. काळ्या मातीत खाली मुरूम नाई भरला तं वस्तू जागेवर राहत नाई. पाण्यानं माती फुगते, अन् मंग वस्तू उलथते. त्या टेपवाल्या साहेबानं सांगितलं होतं का डबा इकडचा तिकडं सरकला नाई पायजे. तं म्या म्हटलं, पक्कंच करू."

"सगळ्या खड्ड्यांत?"

"सगळ्याच. एकात टाकाचा अन् एकात नाई, असं काऊन करन मी?"

विदर्भात खांब रोवणारा, घर बांधणारा कोणीही माणूस हेच करतो. माझ्या स्वतःच्या घराच्या पायात मुरूम आहे. मी थर्मास खाली ठेवला आणि तिथंच बांधावर बसले. आमच्या यंत्राला डबे दिसलेच नव्हते. ओल्या काळ्या मातीत टोपलंभर भरड मुरूम म्हणजे केवढी निराळी वस्तू! ती दिसली होती. आम्ही मुरूम शोधला होता, आणि सीमेवर कोणी सुरुंगाखाली मुरूम भरत नाही.

त्याच आठवड्यात पुन्हा पाणी मारून पट्टी ओली केली. काही डबे मुरमाशिवाय पुरले. काही खड्ड्यांत नुसता मुरूम भरला, डबाच नाही. डॉक्टर साहेब माझ्या बाजूला उभे होते. नुसत्या मुरमावर पैलवानाच्या मिशा आल्या. नुसत्या डब्यांवर पडदा कोरा. डॉक्टर साहेब चष्मा काढून पुसत राहिले, पुसलेलाच पुन्हा पुसत राहिले.

बापूराव मागं उभे होते. त्यांना पडद्यातलं काही कळत नव्हतं, पण आमची तोंडं दिसत होती. "मंग म्या चुकलो का, बाई?"

"नाही, बापूराव. तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं."

"पण काम तं चांगलंच केलं ना आमी."

"चांगलंच केलं," मी म्हटलं. याहून वाईट शाबासकी मी आयुष्यात कोणाला दिली नाही. ते दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. निरोप पाठवला, तब्येत बरी नाही म्हणून. पुढं कधीतरी पवनारला बसस्टॉपवर दिसले, तर त्यांनी मान फिरवली. रागानं नाही. लाजेनं.

पण त्या संध्याकाळी मला बापूरावांची फिकीर नव्हती. राऊतची होती. डॉक्टर साहेब वर कळवतील, वरचे खाली कळवतील, तोवर दिवस जातील. मी सरळ राऊतला फोन लावला. वाऱ्याचा आवाज येत होता आणि तो मोठ्यानं बोलत होता, खुशीत.

"ताई! अठी तं मिशी मस्त येऊन राह्यली. काल दोन काढले. खरे!"

"राऊत, ऐक. त्या यंत्रावर विसंबू नकोस." आणि मी त्याला मुरमाचं सगळं सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण अठी माती निराळी हाये. वाळूवानी, भुसभुशीत. दोन सापडले ना."

"सापडलेले दोन दिसतात. न दिसलेले किती, हे कसं कळणार तुला? आणि मला कसं कळणार? तिथल्या मातीत तपासलंच नाही ते."

"मंग कशावर विसंबू, ताई?"

"सळईवर."

यात खोटं काही नव्हतं. आजही मला तेच बरोबर वाटतं, आणि हेच तर सहन होत नाही. ज्या यंत्राची परीक्षा खोटी ठरली आहे, त्याच्यामागं उभ्यानं चाल, असं मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? राऊत म्हणाला, "तुमी म्हणता तं ठेवतो बाजूला." त्याचा माझ्यावर विश्वास होता. मिशीच्या पैजेत तो माझ्याकडून बऱ्याचदा हरला होता ना.

थोड्याच दिवसांत यंत्र परत मागवल्याचा आदेशही निघाला. मीटिंग झाली, तिथं मी डॉक्टर साहेबांच्या मागं बसले होते. साहेबांनी कधी नव्हे तो आवाज चढवला. काळ्या मातीत नापास झालंय, हे मान्य, पण वाळूत ते चालत असेल, वाळूत तपासा, दोन महिने द्या. मीही न राहवून उठले आणि म्हणाले, जिथं माणसं रांगताहेत तिथली माती वाळूचीच आहे. समोरचे गृहस्थ सभ्य होते. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, वर्ध्यात नापास म्हणजे नापास. हे तुमचंच तत्त्व आहे ना?" ते वाक्य मीच तर पाहुण्यांना ऐकवत आले होते. प्रकल्प गुंडाळला. यंत्रं खोलली, त्यातले अँटेना दुसऱ्या कुठल्या कामाला गेले, सांगाडे भंगारात. डॉक्टर साहेबांची बदली झाली. माझी निवृत्ती जवळ आलीच होती.

राऊत तोवर पोटावर रांगत होता. पेरण्या तोंडावर आल्या होत्या आणि शेतकरी रोज बांधावर येऊन उभे राहायचे, अजून किती दिवस म्हणून विचारायचे. एका सकाळी त्यानं नेहमीसारखी तिरपी सळई टोचली. सुरुंग मातीत कलंडला होता, वरचं तोंड बाजूला आलेलं. सळई बरोबर त्या तोंडावर बसली.

वाचला. लोक म्हणतात, वाचला हे काय कमी आहे! उजव्या हाताची बोटं गेली आणि दोन्ही डोळे गेले.

मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेले तेव्हा तो आष्टीजवळच्या आपल्या घरी येऊन महिना झाला असेल. अंगणात खाटेवर बसला होता, काळा चष्मा लावून. माझी चाहूल लागताच म्हणाला, "ताई?" मी "हो" म्हटलं आणि खाटेच्या कडेला बसले. तोच बोलत राहिला. पेन्शनचं झालं म्हणाला, वावर भावानं सांभाळलंय म्हणाला, यंदा संत्र्याला मृगाचा बहार बरा आहे म्हणाला. मीना चहा घेऊन आली, कप त्याच्या डाव्या हातात नीट बसवला आणि दारातच उभी राहिली.

चहा संपल्यावर त्यानं कप खाली ठेवायला जागा चाचपली, ठेवला आणि विचारलं.

"एक सांगा ताई. खरं सांगजा. मशीन असती तं तो दिसला असता का?"

मला नाही असं म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर कदाचित त्याला झोप लागली असती. पण या माणसानं माझ्या एका शब्दावर यंत्र बाजूला ठेवलं होतं. त्याला मी तोंडाला येईल ती थाप मारू शकत नव्हते. "मला माहीत नाही, राऊत," मी म्हटलं. "दिसला असता, किंवा नसताही. त्या मातीत तपासलं असतं तर कळलं असतं. तपासलंच नाही कोणी."

"तुमाले माहीत नाई, म्हणजे कोणालेच माहीत नाई."

"नाही."

तो हळूहळू मान हलवत राहिला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला, आणि तो उजळलेला चेहरा मला बघवला नाही. "मंग करता येते ना अजून? माती तं तठीच हाये. एक मशीन घ्याची, एक डबा पुराचा. एका दिवसाचं काम. तुमी करा ना टेस्ट, ताई. मले फक्त सांगजा. दिसला असता तं दिसला असता. पण सांगजा."

मी म्हटलं, "बघते." यंत्र भंगारात गेलंय हे माझ्या तोंडून निघालं नाही.

खरंच बघितलं मी. डॉक्टर साहेबांना फोन केले. ओळखीच्या प्रत्येकाला विचारलं. एका खासगी कॉलेजात जाऊन हात जोडले, तुमच्याकडे रस्त्याखालचे पाइप शोधायचं रडार आहे ते द्या म्हणून. ते म्हणाले, मॅडम, हे यंत्र निराळं, ते निराळं, याच्या निकालावरून त्याचं काय सांगणार? बरोबरच होतं त्यांचं. मीही तेच म्हटलं असतं. माझी सगळी विद्या मला एवढंच सांगत होती की आता कळायचा मार्ग उरलेला नाही.

तरी मी जात राहिले. दर दोन-तीन महिन्यांनी, आष्टीच्या बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी बसगाड्या जास्त असतात. प्रत्येक वेळी अंगणात पाऊल टाकलं की तो विचारायचा, "झाली का टेस्ट?" मी म्हणायची, अजून नाही. मग आम्ही इकडचं तिकडचं बोलायचो. एकदा मी धीर करून सांगितलं की यंत्र मोडलं, आता होणं नाही. तो हसला. "तुमी ठरवलं तं होते, ताई. मी पाह्यलं नाई का तुमाले?" पुढच्या खेपेला पुन्हा तेच, "झाली का?"

गेल्या खेपेला मीना मला फाट्यापर्यंत सोडायला आली. एरवी अंगणातूनच निरोप घ्यायची. रस्त्याच्या कडेला बससाठी उभ्या राहिलो. बाजाराहून परतणारी माणसं जात होती, ती ओळखीच्यांना हात करत होती. तिनं पिशवीतून संत्री काढून माझ्या पिशवीत एकेक ठेवायला सुरुवात केली आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"ताई, एक म्हणू का? राग नोका मानू."

"बोल ना."

"तुमचा आवाज आला का त्यायले वाटते, तुमी सांगाले आल्या. पंधरा दिवस आधीपासून म्हणतात, बाजार कधी हाये, बाजार कधी हाये. अन् तुमी गेल्या का जेवत नाईत. भिंतीकडं तोंड करून पडून राह्यतात." तिचा हात थांबला नाही. "तुमची काई चूक नाई. तुमी लय केलं. पण तुमी येऊन राह्यल्या तोवर त्यायचं वाट पाहणं संपणार नाई. नोका येत जाऊ आता, ताई."

मी बरं म्हटलं. बस आली, तिनं पिशवी वर दिली, मी बसले.

त्यानंतर आष्टीला गेले नाही. कसा आहे ते विचारावं असं रोज वाटतं, नंबर काढते आणि ठेवून देते. मीनानं फोन उचलला तरी तो जवळच बसलेला असणार, आणि माझा आवाज त्याला ऐकू जाईल.